तीन वर्षांच्या मुलाला बोलणारं खेळणं घ्यायचंय? आधी सेल काढून बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगा तीन वर्षांचा झालाय, घरी सगळे अहिराणीच बोलतात, जूनमध्ये इंग्लिश मीडियमच्या नर्सरीत घालायचंय, अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाल तेव्हा मामाला भाच्यासाठी काहीतरी "शिकवणारं" घ्यायचंय आणि बजेट दोन हजाराचं आहे. शहाद्याच्या दुकानात तुम्हाला बोलणारा लॅपटॉप, फ्लॅश कार्डचं मशीन आणि एलसीडी रायटिंग पॅड अशा तीन गोष्टी दाखवल्या, जाऊबाईंचं म्हणणं की त्यापेक्षा थोडे पैसे घाला आणि टॅबच घ्या. मी धुळ्याला देवपुरात बरीच वर्षं बालवाडी चालवतेय आणि तिथेच खेळण्यांची लायब्ररी पण आहे, म्हणजे पालक आठवड्यासाठी खेळणं घरी नेतात आणि परत आणून देतात, त्यामुळे कुठलं खेळणं पोरं पुन्हा पुन्हा मागतात आणि कुठलं दोन दिवसात पलंगाखाली जातं हे मला सारखं बघायला मिळतं. त्यावरूनच सांगते.

लॅपटॉप नको. टॅब तर नकोच. तिघांतलं घ्यायचंच असेल तर फ्लॅश कार्डचं मशीन चालेल, पण ते कसं बघून घ्यायचं ते पुढे लिहिते आणि ते नीट वाचा. रायटिंग पॅड वाईट नाही, फक्त त्याच्या पाठीमागचा सेल बघितल्याशिवाय घरात आणू नका. आणि दोन हजार पूर्ण एकाच डब्यात घालायची गरज नाही.

मी लायब्ररीसाठी नवीन खेळणं घेते तेव्हा एकच गोष्ट आधी करते, त्यातले सेल काढते आणि तसंच बंद खेळणं मुलांसमोर ठेवते. बघते की पोरगं त्याच्याशी काय करतं. काही खेळणी सेल काढल्यावर पण खेळणीच राहतात, म्हणजे गाडी असेल तर ती ढकलतात, कार्डं असतील तर पसरतात, रांग लावतात, एकमेकांना दाखवतात, शेतातले प्राणी असतील तर त्यांना चारा देतात. आणि काही खेळणी सेल काढले की नुसता प्लास्टिकचा डबा. बोलणारा लॅपटॉप हा दुसऱ्या प्रकारातला. बटण दाबलं की तो बोलतो, गाणं म्हणतो, लाईट लावतो, "व्हेरी गुड" पण तोच म्हणतो, मुलाच्या वाट्याला फक्त बोट राहतं. पहिल्या दिवशी मूल खूष असतं, घरचे पण खूष की बघा कसा ए बी सी डी म्हणून राहिलाय, पण जरा कान देऊन ऐका, म्हणतंय ते खेळणं, मूल नाही. दुकानात सेल काढून बघायला दुकानदार नाही म्हणणार नाही, आणि नाही म्हटला तर स्विच बंद करून मुलाच्या हातात पाच मिनिटं द्या.

हे माझ्याच डोक्यातलं आहे असं नाही. अमेरिकेत ॲना सोसा नावाच्या संशोधक बाईंनी १० ते १६ महिन्यांची २६ बाळं आणि त्यांचे आईवडील घेऊन, त्यांच्याच घरी, तीन प्रकारची खेळणी देऊन रेकॉर्डिंग केलं होतं. एका संचात बेबी लॅपटॉप, बोलणारं शेतघर, खेळण्यातला मोबाईल, दुसऱ्यात लाकडी पझल, ठोकळे, आकार बसवायचा डबा, आणि तिसऱ्यात चित्रांची पुस्तकं. २०१५ च्या शेवटी ते बालरोगाच्या एका मोठ्या जर्नलमध्ये आलं. इलेक्ट्रॉनिक खेळणं चालू असताना आईवडील सगळ्यात कमी बोलले आणि आई बोलली मग बाळ बोललं मग परत आई, अशी जी देवाणघेवाण असते ती पण कमी झाली. पुस्तकाच्या वेळी सगळ्यात जास्त. बाळं थोडी होती आणि तुमच्या मुलापेक्षा लहान होती, तरी कारण सरळ आहे आणि तीन वर्षांच्या मुलालाही लागू पडतं: खेळणं बोलायला लागलं की मोठी माणसं गप्प बसतात, कारण आपल्याला वाटतं ते शिकवून राहिलंय तर मध्ये कशाला बोला. आणि लहान मूल भाषा शिकतं ते समोरच्याच्या उत्तरातून. खेळण्याला मुलाने काय विचारलं ते कळत नाही, ते ठरलेलंच बोलतं.

आता फ्लॅश कार्डच्या मशीनचं बघा. त्यात जाड कागदाची कार्डं असतात, बहुतेक ११२ कार्डं आणि दोन्ही बाजूंनी छापलेली म्हणून २२४ शब्द, किंमत साधारण तीनशे ते सहाशे. कार्ड खाचेत घातलं की मशीन नाव बोलतं. कार्डाच्या खालच्या कडेला काळे पट्टे छापलेले असतात, आत सेन्सर असतो तो ते पट्टे वाचतो आणि त्या नंबरचा आवाज वाजवतो, एवढंच आहे त्यात, म्हणून कार्डाची कड चुरगळली किंवा खाचेत आपल्याकडची धूळ बसली की हत्तीच्या कार्डाला मशीन "टोमॅटो" म्हणायला लागतं. कोरड्या कापसाच्या काडीने खाच पुसली तर बऱ्याचदा ठीक होतं, बिघडलं म्हणून फेकू नका. हे मशीन मला लॅपटॉपपेक्षा बरं का वाटतं, तर मशीन बंद पडलं तरी कार्डं उरतात.

आमच्याकडे एक मुलगी आहे, तुमच्या मुलाएवढीच. आजीसोबत येते. मशीन चालू असताना तिने गाईचं कार्ड घातलं, मशीन "काऊ" म्हणालं, हंबरलं, लगेच तिने कार्ड काढलं आणि दुसरं घातलं, ते बोलायच्या आत तिसरं, आजी शेजारी बसून नुसती बघत होती. मी मशीन उचलून कपाटात ठेवलं आणि कार्डं तिथेच राहू दिली. तर पोरीने तेच गाईचं कार्ड उचलून आजीच्या तोंडासमोर धरलं आणि विचारलं, "हाई काय शे?" म्हणजे हे काय आहे. आजी म्हणाली गाय शे, मग आजीनेच विचारलं आपली गाय कुठे बांधतात, पोरगी म्हणाली "तठे" (तिथे), हात लांब करून, मग दूध कोण काढतं, मग वासरू कोणाचं, मग म्हशीचं कार्ड शोधायला लागल्या दोघी. एका कार्डावर इतकं बोलणं झालं की पुढची कार्डं तशीच पडून राहिली. म्हणून मी पालकांना सांगते, मशीन घेतलं तरी एका वेळी दहा-बारा कार्डंच बाहेर काढा, आधी कार्ड एकमेकांना दाखवून घरात जे बोलता ते बोला, आणि मशीनला सगळ्यात शेवटी विचारा की हां, आता इंग्लिशमध्ये याला काय म्हणतात ते सांग. मग मशीन कामाचं.

पॅकेटवर "हिंदी इंग्लिश मराठी" लिहिलेलं असतं ते दुकानात ऐकून घ्या, डब्यावर विश्वास ठेवू नका. मी काय ऐकते ते सांगते. ळ चं कार्ड किंवा बटण आहे का, कारण बऱ्याच खेळण्यांत हिंदीचीच बाराखडी मराठी म्हणून टाकलेली असते आणि ळ गायब असतो. च ऐका, चमच्याचा च आणि चंद्राचा च वेगळा आहे, खेळण्याचा चमचा कसा येतो ते कळतंच. आणि वीसच्या पुढचे आकडे लावा, एकवीस ऐवजी "इक्कीस" आलं की समजून जा. इंग्लिशच्या बाबतीत ए, बी, सी अशी अक्षरांची नुसती नावं म्हणतं की अक्षराचा आवाज पण सांगतं ते बघा, बी चा "ब" असा आवाज सांगणारं असेल तर पुढे वाचायला मदत होते. बाकी सगळी गाणी एकदा तरी पूर्ण ऐका, खरंच. तो नाचणारा, बोललेलं परत म्हणणारा कॅक्टस आहे ना, २०२१ मध्ये कॅनडात त्याच्यात एक पोलिश गाणं निघालं ज्यात ड्रग्जचे आणि शिव्यांचे शब्द होते, एका पोलिश येणाऱ्या आजीच्या लक्षात आलं म्हणून ते दुकानातून काढलं. ज्यांनी चिप भरली त्यांना पण माहीत नसतं आत काय आहे.

आवाज मोठा असतो ही जवळपास सगळ्याच स्वस्त खेळण्यांची तक्रार. आवाज कमी करायचं बटण नसेल तर स्पीकरच्या जाळीवर पॅकिंगची जाड टेप लावा, एक थर, कमी नाही वाटलं तर दुसरा. मुलं खेळणं कानाला लावतात, त्यामुळे तुम्ही तुमच्या कानाला लावून बघा, तुम्हाला त्रास झाला तर त्याला होतोच.

आता सेलचं, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार आहे कारण बाकी सगळं चुकलं तरी दुरुस्त होतं, हे होत नाही.

एलसीडी रायटिंग पॅड तुम्ही बघितला, शंभर दोनशे रुपयांत मिळतो, आता तर यात्रेत पण ढीग असतात. लिहायला त्याला करंट लागतच नाही, नुसत्या दाबाने रेघ उमटते, सेल लागतो तो फक्त पुसायचं बटण दाबल्यावर. म्हणून त्यात एक चपटा बटण सेल असतो आणि तो महिनोन् महिने चालतो, त्यामुळे घरात कोणाच्या लक्षातही नसतं की यात सेल आहे. पॅड उलटा करा. सेलच्या झाकणाला स्क्रू आहे का बघा. काही पॅडला नुसती सरकवायची पट्टी असते, नखाने निघते, काहींना स्क्रू असतो पण प्लास्टिक इतकं पातळ की पॅड फरशीवर पडला की झाकण उडतं. तसा पॅड घरात आणूच नका, फुकट मिळाला तरी.

सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंदीचा, तीन व्होल्टचा तो चकचकीत सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत बरोबर अडकतो. तिथे ओलावा असतो, सेलमधून करंट वाहतो, आणि त्याच्या निगेटिव्ह बाजूला कॉस्टिक सोड्यासारखं तीव्र अल्कली तयार होऊन मांस जळायला लागतं, दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. वापरून संपलेला सेल पण करतो हे. मूल गिळल्याचं सांगत नाही, लाळ गळते, खोकतं, जेवत नाही, आपल्याला वाटतं सर्दी झाली. पॅडमधला सेल सापडत नाही आणि मूल खात नाही एवढं जरी असलं तरी एक्स-रे काढायला निघा, आणि जिथे दुर्बिणीने सेल काढता येतो अशा मोठ्या हॉस्पिटलला निघा, गावातल्या दवाखान्यात औषध घेऊन वाट बघू नका. उलटी करायला लावू नका, जेवण देऊ नका. मूल एक वर्षापेक्षा मोठं असेल आणि गिळता येत असेल तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध देतात, जास्तीत जास्त सहा वेळा, त्याने जळणं थोडं कमी होतं, पण मध शोधायला थांबायचं नाही. धडगाव अक्कलकुव्याकडच्या पाड्यांवरून निघायचं तर रस्त्यातच दोन तास जातात, म्हणून तिकडच्या पालकांना तर मी हात जोडून सांगते की बटण सेलवालं काहीच घेऊ नका, पेन्सिल सेलवालं घ्या.

पेन्सिल सेलवाल्या खेळण्यात पण झाकणाला स्क्रू हवाच. जुने नवे सेल एकत्र टाकू नका, जुना सेल आतून फुटून पांढरी पावडर येते आणि पट्ट्या खराब होतात. खेळणं महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढून ठेवा.

चार्जिंगवालं खेळणं घेतलं, आणि फ्लॅश कार्डची मशीनं बहुतेक चार्जिंगचीच असतात, तर आपल्या भागात उन्हाचा विचार करावा लागतो. लिथियम बॅटरी साधारण ४५ डिग्रीच्या आत चार्ज करायची असते, आणि आपल्याकडे एप्रिल मे मध्ये सावलीतच तेवढं तापमान जातं, पत्र्याच्या खोलीत त्याच्यापेक्षा जास्त. म्हणून उन्हाळ्यात सकाळी लवकर चार्जिंगला लावा, गादीवर किंवा उशीखाली नाही, फरशीवर, कोणीतरी घरात जागं असताना, आणि चार्जिंग चालू असताना मुलाच्या हातात नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून बाजाराला जाऊ नका. नवीन मोबाईलच्या दोन्हीकडे सी टाईप असलेल्या केबलने खेळणं चार्ज होत नसेल तर बिघडलंय असं लगेच समजू नका, स्वस्त खेळण्यांत त्यासाठी लागणारा छोटा भाग बसवलेला नसतो, जुन्या चपट्या यूएसबीवाल्या चार्जरने लावून बघा. बॅटरी फुगलेली दिसली, खेळण्याचं अंग फाकलं, तर मात्र ते कायमचं बंद.

डब्यावर आयएसआय मार्क बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो बंधनकारक आहे, सेलवर किंवा करंटवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ आणि साध्या खेळण्यांसाठी आयएस ९८७३ हा नंबर मार्कच्या वर असतो, खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे, चालू आहे की नाही ते दिसतं, दुकानात उभ्या उभ्या होतं. नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांना यातून सूट आहे, म्हणून त्यांच्या लाकडी खेळण्यावर मार्क नसला तर घाबरू नका. पण सारंगखेड्याच्या यात्रेत किंवा एकवीरादेवीच्या यात्रेत जे बिननावाचं लुकलुकणारं, वाजणारं प्लास्टिक मिळतं त्यावर मार्क नसतो, तिथे पोरांना पाळण्यात बसवा, भिंगरी घेऊन द्या, सेलवालं नको.

टॅबबद्दल जाऊबाईंना सांगा की जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आणि आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पण नंतर सांगितलंय की दोन वर्षांखाली स्क्रीन नको आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही मोठं माणूस सोबत असताना. तो एक तास घरातले मोबाईल आधीच खाऊन टाकतात, टॅबसाठी उरतच नाही. इंटरनेटला जोडायची, ॲपवर मुलाचं नाव, फोटो, जन्मतारीख मागणारी खेळणी पण इतक्यात नको. २०१५ मध्ये व्हीटेक या मोठ्या खेळणी कंपनीचा डेटा चोरीला गेला तेव्हा सुमारे ४८ लाख पालकांची खाती आणि ६० लाखांच्या वर मुलांच्या प्रोफाइल उघड्या पडल्या होत्या. २०१७ मध्ये जर्मनीत तर ब्लूटूथवर बोलणाऱ्या एका बाहुलीवर सरकारने बंदीच घातली, कारण तिचा माईक कोणीही बाहेरून वापरू शकत होतं.

आणि अहिराणीचं. तुम्ही लिहिलंय की मुलगा "माले पानी दे", "हाऊ मना शे" (हा माझा आहे) असं बोलतो आणि नर्सरीत मागे पडेल म्हणून आता घरात अहिराणी बंद करायचा विचार आहे. ताई, हे करू नका. तीन वर्षांचं मूल तीन तीन शब्द जोडून, माझं तुझं करून बोलून राहिलंय, म्हणजे त्याची भाषा व्यवस्थित चालू आहे. ती बंद केली तर इंग्लिश लवकर येणार नाही, पण आजीआजोबांसोबतचं बोलणं कमी होईल. बालवाडीत अहिराणी, लेवा बोली, पावरी बोलणारी पोरं येतात, ज्यांना घरच्या भाषेत गोष्ट सांगता येते ती दुसरी भाषा पण पटकन उचलतात, आणि ज्यांच्या घरात मुलाशी मोडकं इंग्लिश बोलतात ती पोरं बऱ्याचदा गप्प बसतात. हां, कोणाचं मूल दोन वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडत नसेल किंवा हाक मारल्यावर वळत नसेल, तर खेळणं घेण्याआधी कान तपासा. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरोग्य तपासणीची टीम येते, त्यांना सांगा, किंवा जिल्हा रुग्णालयात शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा, तिथे पैसे लागत नाहीत.

तुमच्या बजेटमध्ये मला सगळ्यात आवडणारी वस्तू वेगळीच आहे, आवाज रेकॉर्ड करायची मोठी रंगीत बटणं. चार बटणांचा संच मिळतो, पेन्सिल सेलवर चालतो, प्रत्येकात काही सेकंदांचा आवाज भरता येतो आणि पाहिजे तेव्हा पुसून दुसरा भरता येतो. एका बटणात आजीचा आवाज अहिराणीत, दुसऱ्यात आईचा मराठीत, तिसऱ्यात मामाचा, चौथं मुलाचं स्वतःचं. बटण कुठल्या वस्तूसमोर ठेवायचं ते मुलालाच ठरवू द्या. नर्सरी सुरू झाली की तिथले इंग्लिश शब्द तुम्हीच भरा, पाच शब्द झाले की पुढचे पाच. दुसरी वस्तू साधी छोटी टॉर्च, स्क्रूने बंद होणारी, फार प्रखर नाही अशी. लाईट गेली की भिंतीवर हाताच्या सावल्या करा, जवळ नेलं की मोठी का होते, लांब नेलं की लहान का, हे तो आपोआप विचारतो. ही पण सेलवर चालते आणि भरपूर शिकवते.

मामाला फोनवर सांगायचं झालं तर असं सांगा: रेकॉर्डची बटणं, टॉर्च, लाकडी नाहीतर प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा एक मोठा डबा, आणि ळ ची परीक्षा पास झालं तर फ्लॅश कार्डचं मशीन. बिल घेऊन ठेवायला सांगा आणि दुकानातच सगळी बटणं दाबून, झाकणाचे स्क्रू बघून मग पॅक करायला सांगा. कार्डांवर इंग्लिशसोबत मराठी छापलेली नसेल तर काळजी नको, मागे स्केच पेनने तुम्ही लिहू शकता, फक्त खालच्या काळ्या पट्ट्यांवर शाई जाऊ देऊ नका.